सर्जरीला नवीन जॉईन झालेल्यांसाठी, ऑपरेशनच्या वेटिंग रजिस्टरबद्दल

यावर्षी सर्जरीला जॉईन झालेल्या ज्युनियर्सचे बरेच मेसेज येतायत, थिसिसचा टॉपिक कुठला घेऊ, लॅप (दुर्बिणीचं ऑपरेशन) कधी हातात मिळेल वगैरे. ते सगळं होईल हळूहळू. मला लिहायचंय ते एका वेगळ्याच गोष्टीबद्दल, जी पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडे येईल आणि जी कोणी बसवून शिकवत नाही, ती म्हणजे युनिटचं वेटिंग रजिस्टर. हर्निया, हायड्रोसील, पित्ताशयातले खडे, थायरॉईड, स्तनातली गाठ, सगळे एकाखाली एक, पुढे तारीख, तारखेवर काट, परत नवीन तारीख.

मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस केलं, तिथेच सिनियर रेसिडेंट होते आणि आता उपजिल्हा रुग्णालयात काम करते. रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा ते अकरा पानं भरलेलं होतं आणि मला वाटलं यात आपण काय करणार, ऑपरेशनची टेबलं कमी, भूलतज्ज्ञ कमी, रांग लांब असणारच. ते खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण एका काकांमुळे माझं मत बदललं.

काका साठीच्या पुढचे, शेतमजूर, उजव्या बाजूचा इंग्वायनल (जांघेतला) हर्निया, गावाहून एसटीने अडीच तास लागायचे. पहिल्यांदा आले, ॲडमिट केलं, लिस्टवर नाव टाकलं आणि आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी ईसीजी बघून सांगितलं की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिजे, आणि इको आमच्याकडे आठवड्यात दोनच दिवस व्हायचा, मग घरी पाठवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराशी बीपी १८०/११०, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं उपाशी म्हणजे काहीच घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी दोन दिवस बीपीची गोळीच घेतली नव्हती. तिसऱ्यांदा सगळं ओके होतं, पण अकरा वाजता परफोरेशनचा (आतड्याला भोक पडलेला) पेशंट आला आणि टेबल तिकडे गेलं, जायलाच पाहिजे होतं. काका आदल्या रात्रीपासून उपाशी, पार्ट प्रिपरेशन (ऑपरेशनच्या जागेचे केस काढणं) झालेलं, हिरवा गाऊन घालून चार वाजेपर्यंत कॉटच्या कडेला बसून होते, मी गेले तर एवढंच म्हणाले, "म्हणजे आज बी नाही का जी म्याडम?" मुलगा तिन्ही वेळेस मजुरी बुडवून सोबत आलेला.

त्या रात्री रजिस्टर घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की काकांच्या तीन फेऱ्यांपैकी टेबल नाही म्हणून एकच वाया गेली. बाकीच्या दोन आमच्या अपुऱ्या तयारीमुळे गेल्या. आणि हिशोब करा, युनिटला आठवड्यात दोन ओटी दिवस, प्रत्येक दिवशी एक केस जरी शेवटच्या क्षणी कॅन्सल झाली तरी वर्षाला शंभर ऑपरेशनं गेली, तेही सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर सगळे हजर असताना. नवीन टेबल मागायला डीनसरांकडे जाणं तुमच्या हातात नाही, पण हे शंभर बऱ्यापैकी तुमच्या हातात आहेत.

म्हणून पहिली गोष्ट, तारीख आधी आणि फिटनेस नंतर हे बंद करा. ओपीडीत ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी रक्त, ईसीजी, एक्सरे पाठवा आणि पेशंटला पॅक ओपीडीला (भूल देण्याआधीच्या तपासणीला) स्वतः नेऊन दाखवा, नुसतं चिठ्ठीवर "पॅक करून येणे" लिहिलं की तो बिचारा तीन खिडक्या फिरून घरी जातो. हिमोग्लोबिन ८ आलं तर आजच कारण शोधायला घ्या आणि लोह सुरू करा, तोंडाने चालत नसेल तर शिरेतून आयर्न सुक्रोज, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ८ दिसलं तर घरी पाठवण्याशिवाय मार्ग नसतो. शुगरचं तसंच, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) साडेआठच्या वर असेल तर मेडिसिनवाल्यांकडे आत्ता पाठवा. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते पण ती मनाने थांबवू नका, स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नाही. पेशंट तंबाखू किंवा बिडीवाला असेल तर निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगा. पेशंट फिट झाला की मगच त्याला पक्की तारीख द्या, तोपर्यंत त्याचं नाव "तयारी चालू" या वेगळ्या पानावर. मी हे दोन भाग केले तेव्हा पहिल्यांदाच कळलं की उद्या टेबल रिकामं झालं तर खरंच कोणाला घेता येईल.

उपाशी राहण्याबद्दल जरा जास्त सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नियम सोपा आहे, हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि चहा म्हणजे पाणी नाही, दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. पण आपण वॉर्डात जाता जाता "रात्री बारापासून काही नाही हं" एवढं बोलतो आणि सकाळी साडेपाचला वॉर्डात किटली फिरते. एका आजोबांना विचारलं तर म्हणे "चहाच त् पेलो जी, बाकी काही नाही खाल्लं", त्यांच्या दृष्टीने ते उपाशीच होते हो. तेव्हापासून मी नातेवाइकाला समोर बसवून त्याच्याच तोंडून परत बोलून घेते, काय चालेल काय नाही, आणि कुठली गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची ते कागदावर मोठ्या मराठी अक्षरात लिहून देते. बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या, कुठल्या त्या दिवशी टाळायच्या, हे मात्र भूलतज्ज्ञांना विचारूनच लिहा.

आता रजिस्टर साफ करणं. हे काम कोणाला आवडत नाही, दुपारी राऊंड झाल्यावर एकेका नंबरवर फोन लावायचा. बरेच नंबर पुतण्याचे किंवा शेजाऱ्याचे निघतात म्हणून ओपीडीतच दोन नंबर घ्या आणि एक तरी आशाताईंचा घ्या, आशाताई गावात कोण कुठे आहे ते बरोबर सांगतात. मी पूर्ण अकरा पानं लावली. काहींनी कर्ज काढून प्रायव्हेटला करून घेतलं होतं, काहींचं नाव दोनदा होतं, काहींना आता ऑपरेशन नको होतं. आणि एका घरी सुनेने फोन उचलला, मी बाबांची तारीख आलीय म्हणाले, ती म्हणाली, "बाबा तर गेले ना, दिवाळीच्या आधीच." हर्निया रात्री अडकला होता, गाडी मिळेपर्यंत सकाळ झाली. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे दोन तारखा काट मारलेल्या होत्या, त्यातली एक माझ्या अक्षरात.

त्यानंतर मी नावं फक्त आलेल्या क्रमाने ठेवणं सोडलं. माझी एक बॅचमेट इंग्लंडमध्ये एनएचएसला (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत) आहे, तिकडे नियम आहे की जीपीने (फॅमिली डॉक्टरने) पाठवल्यापासून १८ आठवड्यांत ९२ टक्के पेशंटची ट्रीटमेंट सुरू व्हायला पाहिजे, आणि तरी सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची यादी ७७ लाखांच्या वर गेली होती, म्हणजे नुसता नियम करून भागत नाही. पण तिने एक कामाची गोष्ट सांगितली, कोविडमध्ये प्लॅन्ड ऑपरेशनं थांबली तेव्हा त्यांनी पेशंटचे गट पाडले, महिन्याच्या आत करायचे, तीन महिन्यांच्या आत करायचे, आणि त्याहून जास्त थांबू शकणारे. मी तेच लाल, पिवळ्या, हिरव्या स्केचपेनच्या ठिपक्यांनी केलं. स्तनाची गाठ कॅन्सरची असेल तर लाल, मांडीजवळचा फेमोरल हर्निया लाल कारण तो अडकण्याची भीती जास्त, पित्ताच्या खड्यांचा वारंवार त्रास होणारा पिवळा. हिरव्यावाल्यांना पण सांगून ठेवा, गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलट्या झाल्या तर तारखेची वाट बघू नका, लगेच कॅज्युअल्टीला या. हे दोन मिनिटांचं बोलणं कधीही टाळू नका.

एक गोष्ट मला फार लागते. एचआयव्ही किंवा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) रिॲक्टिव्ह पेशंटला लिस्टमध्ये शेवटी टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि शेवटची केस म्हणजे कॅन्सल होणारी केस, मग पुढच्या वेळी पुन्हा शेवटी. असे पेशंट चार चार वेळा परत गेलेले मी बघितलेत. काळजी तर प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते, आणि २०१७ च्या एचआयव्ही एड्स कायद्याने उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. तुम्ही लिस्ट लिहिता ना, मग नंबर तुम्हीच ठरवा, आणि कोणी विचारलं तर शांतपणे कारण सांगा.

टेबल सकाळी नऊचं असतं पण पहिला पेशंट आत जायला साडेदहा होतात, त्या दीड तासात एक हर्निया होतो. उशीर कशाने होतो ते एकदा आठवडाभर लिहून काढा, आमच्याकडे आयव्ही लाईन न लावलेली, संमतीपत्रावर नातेवाइकाची सही राहिलेली, आणि ट्रॉली दुसऱ्या वॉर्डात गेलेली ही तीन कारणं पुन्हा पुन्हा यायची. पहिल्या केसची सही आदल्या संध्याकाळी, लाईन सात वाजता, आणि वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) रात्रीच नाव सांगून ठेवायचं की उद्या पहिले हे. मामा आणि सिस्टर यांच्याशी नीट बोला, त्यांना लिस्ट माहीत असेल तर ते तुमच्या आधी धावतात.

दोन फिट पेशंट स्टँडबाय ठेवा, पण त्यांना स्पष्ट सांगून की नंबर लागेलच असं नाही. वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्यांचा साधा हर्निया लोकल (तेवढ्याच जागेची भूल) देऊन मेश (जाळी) टाकून होतो, भूलतज्ज्ञ दुसऱ्या टेबलावर अडकले असले तरी अशी केस थांबायची गरज नसते, अर्थात मॉनिटर लावून, भूलतज्ज्ञांना कळवून आणि सिनियर सोबत असताना. इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी मोठी लिस्ट लावू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. लोक अजून "जीवनदायीत होईल का" असंच विचारतात, २०१२ ला सुरू झालेली ती योजना २०१७ पासून महात्मा फुले योजना झालीय. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आरोग्यमित्रांकडे (योजनेचं काम बघणाऱ्यांकडे) ओपीडीच्याच दिवशी पाठवा, ॲडमिट झाल्यावर नको.

आणि शेतीचं कॅलेंडर शिका, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मार्च ते मे सगळ्यांना ऑपरेशन पाहिजे असतं, रांग दाराबाहेर, जूनमध्ये पेरणी लागली की दिलेल्या तारखेला निम्मे येत नाहीत आणि टेबल रिकामं राहतं. मग आम्ही पावसाळ्यातल्या तारखा ज्यांना शेती नाही त्यांना द्यायला लागलो, घरकाम करणाऱ्या बायका, शहरातले रिक्षावाले, पेन्शनवाले, आणि शेतकऱ्यांना विचारूनच तारीख द्यायची, "मळणी कधी उरकते तुमची?" हा प्रश्न मी अजून प्रत्येकाला विचारते.

काकांचं ऑपरेशन चौथ्या फेरीत झालं, लिस्टवर पहिलं नाव, नऊ पस्तीसला टेबलावर.

शेवटचं, पोस्टिंग बदलताना रजिस्टर नुसतं टेबलावर ठेवून जाऊ नका. पुढच्या ज्युनियरला सोबत घेऊन एकेक नाव वाचा, कोणाचा इको राहिलाय, कोण लोहावर आहे, कोणाच्या मुलीचं लग्न आहे म्हणून पुढच्या महिन्यात येणार आहे. मी सोडलं तेव्हा आम्हा दोघींना दोन संध्याकाळी लागल्या, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी माझा मोबाईल नंबर लिहून आले, अजूनही तिथून कधीतरी फोन येतो, मॅडम ही लाल ठिपक्यावाली मावशी कोण, पत्ता सापडत नाहीये.