पॅरिस ते ल्यों ट्रेनने: तिकीट कधी काढायचं, कुठून चढायचं, कुठे उतरायचं

पॅरिसहून ल्योंला जायचं असेल तर विमान, बस, भाड्याची गाडी यांच्यावर फार डोकं खपवू नका, ट्रेननेच जा. फ्रान्सची पहिली टीजीव्ही, म्हणजे तिथली अतिवेगवान ट्रेन, १९८१ साली याच मार्गावर धावली, आता ती ताशी ३०० किलोमीटरने पळते आणि साधारण दोन तासांत थेट शहराच्या मध्यात सोडते, शिवाय सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्या चालूच असतात.

आपली अडचण वेगळीच असते. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला आयआरसीटीसी उघडून बसायचं, वेटिंग किती, आरएसी किती, नाहीच जमलं तर तत्काळ, ही सगळी सवय अंगात मुरलेली, आणि तिकडे वेटिंग लिस्ट नाही, चार्ट नाही, तत्काळचा कोटा नाही. जागा बहुतेक वेळा मिळते, पण भाव विमानाच्या तिकिटासारखा चढत जातो. त्यामुळे सगळं प्लॅनिंग दोन गोष्टींसाठी करायचं, भाव चढायच्या आत तिकीट हातात घेणं आणि योग्य स्टेशन निवडणं. दुसऱ्या गोष्टीत जास्त लोक फसतात म्हणून आधी तीच घेऊ.

आधी स्टेशनं नीट समजून घ्या

गार द ल्यों हे स्टेशन पॅरिसमध्ये आहे! ल्योंच्या दिशेला जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात म्हणून ते नाव. सर्च करताना "निघायचं ठिकाण" मध्ये पॅरिस गार द ल्यों आणि "पोचायचं ठिकाण" मध्ये ल्यों पार-द्यू किंवा ल्यों पेराश असं यायला हवं. पॅरिसला एकच सेंट्रल स्टेशन नाही, दिशेप्रमाणे स्टेशनं वाटलेली आहेत, स्ट्रासबुर्गची गाडी गार द लेस्तहून, बोर्दोची मोंपार्नासहून, लीलची गार द्यू नॉरहून, त्यामुळे "पॅरिसहून गाडी आहे" एवढ्यावर हॉटेल बुक करू नका.

ल्योंमध्येही तीन नावं दिसतील. पार-द्यू हे मुख्य, बहुतेक गाड्या इथे थांबतात, मेट्रोची बी लाइन इथूनच. पेराश हे जुनं स्टेशन, दोन नद्यांच्या मधल्या भागात, मेट्रो ए. बरेचदा तीच गाडी पार-द्यूला थांबून पुढे पेराशला जाते, तर हॉटेल बेलकूर चौकाच्या आसपास असेल तर सरळ पेराशपर्यंतचंच तिकीट घ्या. तिसरं नाव सँ-एक्झुपेरी, हे विमानतळाचं स्टेशन आहे, शहराच्या बाहेर, आणि तिथून गावात यायला रोनएक्सप्रेस नावाची ट्राम घ्यावी लागते जिला अर्धा तास लागतो आणि ती स्वस्त अजिबात नाही. सर्चमध्ये कधी कधी एखादी गाडी बरीच स्वस्त दिसते ना, तेव्हा आधी बघायचं की ती सँ-एक्झुपेरीला तर सोडत नाहीये.

भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक पर्याय आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल २ मध्येच टीजीव्हीचं स्टेशन आहे आणि तिथून ल्योंला थेट गाड्या जातात, वेळ साधारण तेवढाच, दोन तास. मुंबईहून एअर फ्रान्सने आलात तर टर्मिनल २ई मधून चालतच जाता येतं, टर्मिनल १ ला उतरलात तर फुकट शटल ट्रेन आहे. पॅरिस बघायचंच नसेल किंवा परतीच्या वेळी बघायचं असेल तर बॅगा ओढत शहरात जायचा त्रास वाचतो. मात्र इथून गाड्या कमी असतात, आणि विमान उतरणं आणि गाडी सुटणं यात मी तरी तीन तासांपेक्षा कमी ठेवणार नाही, कारण इमिग्रेशनची रांग, त्यात ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेली बोटांचे ठसे आणि फोटोची नवी नोंदणी, मग बॅगा. विमान लेट झालं तर वेगळं काढलेलं ट्रेनचं तिकीट तुमच्यासाठी थांबत नाही. ही धाकधूक नको असेल तर विमान आणि ट्रेन मिळून एकच तिकीट मिळतं, ट्रेन प्लस एअर म्हणतात त्याला, एअर फ्रान्सच्या साइटवर पोचायचं ठिकाण म्हणून ल्यों पार-द्यूचं स्टेशन टाकलं की दिसतं, त्यात विमान उशिरा आलं तर पुढच्या गाडीत बसवतात.

मग गाडी कुठली

या मार्गावर सरळसरळ चार प्रकार आहेत.

इनुई ही एसएनसीएफची, म्हणजे फ्रेंच सरकारी रेल्वेची, नेहमीची टीजीव्ही. बहुतेक डबल डेकर, फर्स्ट आणि सेकंड क्लास, वायफाय, चार्जिंग, खाण्यापिण्याचा डबा. सेकंड क्लास पुरेसा आरामशीर आहे, दोन तासांसाठी फर्स्टचे जास्तीचे पैसे टाकायची गरज वाटत नाही, फरक पाच-सात युरोचा असला तर गोष्ट वेगळी, आणि तो कधी कधी तेवढाच असतो म्हणून बघून घ्यावं.

उइगो ही त्याच एसएनसीएफची स्वस्त गाडी, तेच रूळ, तोच वेग, पण क्लास एकच आणि बॅगेपासून सगळ्याचे नियम कडक. भाव कमी दिसतो, त्यात मोठ्या बॅगेचे पैसे मिळवा आणि मगच इनुईशी तुलना करा. पाठीवर एक सॅक घेऊन फिरणाऱ्या पोरांसाठी उत्तम, भारतातून दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन आलेल्या आईबाबांसाठी नाही. आणि उइगो नेहमी गार द ल्योंहूनच सुटेल असं नाही, काही गाड्या विमानतळावरून किंवा डिस्नेलँडजवळच्या मार्न-ला-वाले स्टेशनवरून असतात.

तिसरी ट्रेनितालिया, इटलीची कंपनी, डिसेंबर २०२१ पासून पॅरिस-ल्यों चालवते, लाल रंगाची फ्रेच्चारोस्सा गाडी. गाड्या कमी आहेत पण सीट छान आहेत आणि भाव बरेचदा इनुईपेक्षा कमी. गंमत अशी की ही गाडी एसएनसीएफ कनेक्टवर, म्हणजे एसएनसीएफच्या तिकिटांच्या साइटवर, दिसतच नाही, त्यामुळे निम्म्या लोकांना ती आहे हेच कळत नाही.

चौथी टीईआर, साधी प्रादेशिक गाडी, पॅरिस बेर्सी स्टेशनहून दिजोंमार्गे पाच तासांच्या आसपास. हिचा भाव ठरलेला, आदल्या दिवशी घ्या नाहीतर महिनाभर आधी, सारखाच, रिझर्वेशनची भानगड नाही. आयत्या वेळी टीजीव्ही शंभर युरोच्या घरात गेलेली असली आणि घाई नसली तर हिचा विचार करा, बर्गंडीचा प्रदेश खिडकीतून बघायला मिळतो.

तिकीट काढणं

तारीख ठरली की तीन ठिकाणी बघायचं: एसएनसीएफ कनेक्ट, ट्रेनितालियाची साइट, आणि ट्रेनलाइन जिथे दोन्ही कंपन्या एकत्र दिसतात. तुलना ट्रेनलाइनवर करायची आणि शेवटचं बुकिंग कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करायचं, हे मला बरं वाटतं, पुढे बदल किंवा रिफंड असला की मध्ये तिसरा माणूस नको.

कधी काढायचं? इनुईची तिकिटं साधारण तीन-चार महिने आधी उघडतात, पण आपल्यासारखी रोज एक दिवस पुढे अशी नाही, टप्प्याटप्प्याने, म्हणजे अख्ख्या उन्हाळ्याची तिकिटं ठरलेल्या एका दिवशी एकदम सुटतात. उघडल्यावर लवकर घेतलंत तर तीस-चाळीस युरोच्या आसपास मिळू शकतं, शेवटच्या दोन-तीन दिवसांत तेच शंभराच्या आसपास. दिवसांमध्येही फरक आहे, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ सगळ्यात महाग, मंगळवार-बुधवारी दुपारची गाडी स्वस्त. मे महिन्यात सुट्ट्या एकामागोमाग येतात आणि लोक गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून निघतात, तेव्हा भाव भडकतात. ८ डिसेंबरच्या आसपास ल्योंला दिव्यांचा उत्सव असतो, फेत दे ल्युमिएर, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं दोन्ही भरतात, जायचं असेल तर तिकिटं उघडल्या उघडल्या घ्या.

व्हिसा हातात नसेल तर उइगो नकोच, तिचं साधं तिकीट परत केलं तर पैसे मिळत नाहीत. इनुईचं तिकीट बदलता किंवा रद्द करता येतं, प्रवासाची तारीख जवळ आली की त्याला चार्ज लागतो, तर कधीपर्यंत फुकट आहे ती ओळ पैसे भरायच्या आधी वाचून ठेवा.

फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, तिकीट नावावर असतं आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो. वय विचारतात ते सवलतीसाठी. चार वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट जातं. सीट निवडताना डबल डेकरमध्ये वरचा मजला मागायचा, तिथून दिसतं छान, पण गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर खालचा, जिना अरुंद आहे. वेळा सगळ्या चोवीस तासांच्या घड्याळात आणि फ्रान्सच्या वेळेप्रमाणे असतात.

पैसे भरायला भारतीय क्रेडिट कार्ड चालतं, फक्त बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करून ठेवा, तो मुळात बंद असतो आणि ऐन वेळी पेमेंट फेल होतं. फ्रान्समध्ये पोचल्यावर काढणार असाल तर ओटीपी येणारं सिम चालू हवं. आयफेल टॉवरला २०२४ पासून यूपीआय घेतात हे खरं, पण रेल्वेच्या तिकिटाला ते धरून चालू नका.

सवलतीचं कार्ड घ्यावं का हा प्रश्न तिकडे शिकायला गेलेली मुलं आणि त्यांना भेटायला जाणारे आईबाबा दोघांनाही पडतो. कार्त आव्हांताज म्हणतात, वर्षाला ४९ युरो, तिकिटावर ३० टक्के सूट. २७ पर्यंतच्यांचं वेगळं, ६० च्या पुढच्यांचं वेगळं, आणि ही दोन्ही आठवड्याच्या कुठल्याही दिवशी चालतात, मधल्या वयाच्यांचं मात्र वीकेंडच्या प्रवासालाच. हिशोब सोपा आहे, वर्षभरात १६५ युरोच्या वर तिकिटं होणार असतील तर कार्डाचे पैसे वसूल, एकदाच जाऊन-येऊन करायचं असेल तर बहुधा नाही. युरेल पास, म्हणजे युरोपभर ट्रेनने फिरायचा पास, घेतलेला असेल तर लक्षात ठेवा की इनुईला पासवरही सीटचं वेगळं रिझर्वेशन पैसे देऊन करावं लागतं आणि त्या सीट मोजक्या असतात, उइगोला तर पास चालतच नाही.

बॅगा

इनुईमध्ये दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी ७० x ९० x ५० सेंटिमीटरपर्यंत, आणि एक छोटी. उइगोत छोटी पर्स किंवा सॅक आणि विमानातल्या केबिन बॅगेएवढी एक बॅग, त्याच्यापेक्षा जास्त सामान असेल तर पैसे, आणि ते ऑनलाइनच आधी भरावेत. प्रत्येक बॅगेवर नावाचं लेबल लावणं सक्तीचं आहे. बॅगा स्वतःच चढवायच्या, हमाल वगैरे काही नाही. खाणं बरोबर नेता येतं आणि शाकाहारी असाल तर न्याच, धपाटे-चटणी डब्यात काढून खाल्ली तर कोणी काही बोलत नाही.

प्रवासाच्या दिवशी

गार द ल्योंला मेट्रो १ आणि १४, आणि आरईआर म्हणजे पॅरिसच्या लोकलच्या ए आणि डी लाइन येतात. शार्ल द गोल विमानतळावरून शहरातून जायचं असेल तर आरईआर बी ने शातले-ले-आल, तिथून ए किंवा डी, पुढचंच स्टेशन. अर्धा तास हातात ठेवून पोचा, कारण स्टेशन मोठं आहे आणि प्लॅटफॉर्म गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधीच बोर्डावर लागतो, तोपर्यंत सगळे माना वर करून उभे असतात. हॉल १ मधले प्लॅटफॉर्म अक्षरांचे, हॉल २ मधले आकड्यांचे, एकातून दुसऱ्यात चालायला वेळ लागतो. बोर्डावर गाडीचा नंबर बघायचा, गावाचं नाव नाही, कारण बोर्डावर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं आणि तुमची गाडी मार्सेय किंवा मोंपेलिएला जाणारीही असू शकते.

फाटकावर क्यूआर स्कॅन करून आत जायचं. इथे एक महत्त्वाचं: बऱ्याच टीजीव्ही म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन गाड्या असतात, आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. डब्याचा नंबर १ ते ८ आणि ११ ते १८ अशा दोन गटांत असतो, तुमचा कुठल्या अर्ध्यात आहे ते बघून मगच चढा, कधी कधी पुढे दोघी वेगळ्या दिशांना जातात. आणि दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, अगदी घड्याळाप्रमाणे, पळत येऊन दांडा पकडून चढणं तिकडे नाही.

संपाचं काय, असं हमखास विचारतात. फ्रान्समध्ये संप होतात, पण अंधारात ठेवत नाहीत, कुठल्या गाड्या धावणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाहीर होतं, तुमची रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसऱ्या गाडीत जागा. आणि इनुई अर्ध्या तासापेक्षा जास्त लेट पोचली तर, कारण काहीही असो, तिकिटाच्या २५ टक्के भरपाई मिळते, दोन तासांच्या पुढे ५० आणि तीनच्या पुढे ७५ टक्के. ती आपोआप येते असं समजू नका, साइटवर फॉर्म भरून मागावी लागते, तिकिटाचा नंबर जपून ठेवा आणि ल्योंला उतरल्यावर एक-दोन दिवसांत भरून टाका.