स्मूदनिंग आणि हेअर कलर यांची वेळ ठरवताना या चुका टाळा

आधी रंग लावायचा की आधी स्मूदनिंग (केस सरळ आणि गुळगुळीत करण्याची ट्रीटमेंट) करायचे, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. सलूनमध्ये ‘स्मूदनिंग’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या प्रक्रिया केल्या जातात आणि त्यांपैकी प्रत्येकीचे रंगाशी असलेले नाते निराळे असते. तरीही ‘आधी स्मूदनिंग, मग पंधरा दिवसांनी रंग’ किंवा नेमका याच्या उलट सल्ला सरसकट दिला जातो, आणि तो निमूटपणे पाळणाऱ्यांचाच रंग उडतो, केस तुटतात किंवा महागडी ट्रीटमेंट महिन्याभरात उतरते. यातले बहुतेक नुकसान टाळता येण्याजोगे असते, म्हणून नेहमी होणाऱ्या चुका कारणांसह समजून घेणे आवश्यक आहे.

ट्रीटमेंटमध्ये कोणते रसायन आहे, हे न विचारणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. पहिल्या प्रकारात, म्हणजे रिबाँडिंगमध्ये आणि त्याच जातीच्या क्रीम स्मूदनिंगमध्ये, साधारणपणे अमोनियम थायोग्लायकोलेट वापरले जाते. हे अल्कधर्मी क्रीम केसाच्या आतील केराटिन या प्रथिनाचे गंधक-बंध तोडते, मग केस इस्त्रीने सरळ केले जातात आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध नव्या आकारात पुन्हा जोडले जातात. हा बदल कायमचा असतो. मुळाशी येणारा नवा केस तेवढा पूर्वीसारखा येतो. दुसऱ्या प्रकारात फॉर्माल्डिहाइड किंवा ते मोकळे करणारे मिथिलीन ग्लायकॉल असते आणि ते उष्णतेच्या साहाय्याने केसावर केराटिनचा थर पक्का करते. तिसऱ्या प्रकारातील उत्पादने ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकली जातात आणि त्यांपैकी पुष्कळशांमध्ये ग्लायॉक्झिलिक अॅसिड असते. नंतरचे दोन्ही प्रकार ‘केराटिन ट्रीटमेंट’ म्हणून ओळखले जातात आणि काही महिन्यांत हळूहळू उतरतात.

वेळ ठरवण्यापूर्वी बाटलीवरील घटकांची यादी वाचावी किंवा सलूनकडून उत्पादनाचे पूर्ण नाव मागून घ्यावे. घटक विचारल्यावर ‘सगळे नैसर्गिक आहे’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर माझ्या मते तिथे खुर्चीत बसूच नये. फॉर्माल्डिहाइड हा कर्करोगकारक पदार्थ म्हणून 2004 पासून मान्यता पावलेला आहे, आणि इस्त्री फिरवताना त्याची वाफ ग्राहक व कारागीर या दोघांच्याही श्वासात जाते. त्यामुळे घटक जाणून घेणे केवळ रंगासाठी महत्त्वाचे आहे असे नाही.

ग्लायॉक्झिलिक अॅसिडच्या आदल्या आठवड्यात नवा रंग लावणे

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक आहे. या ट्रीटमेंटचे द्रावण अत्यंत आम्लधर्मी असते आणि ते केसात असतानाच 200 अंश सेल्सियसच्या वर तापलेली इस्त्री अनेकदा फिरवली जाते. आम्ल आणि उष्णता यांच्या एकत्रित परिणामाने केस एक-दोन छटांनी उजळतात, कधी त्याहूनही अधिक. लावलेला रंग तर फिका होतोच, पण कधीही न रंगवलेले गडद केससुद्धा तांबूस दिसू लागतात. थंड तपकिरी छटा नारिंगीकडे झुकते, लाल आणि तांब्यासारख्या छटा झपाट्याने ओसरतात आणि ब्लीच केलेल्या केसांवर पिवळेपणा येतो. म्हणून या प्रकारात आधी ट्रीटमेंट आणि साधारण दोन आठवड्यांनी रंग, हाच क्रम योग्य ठरतो. त्यात आणखी एक फायदा असा की, केस किती उजळले हे डोळ्यांसमोर असते आणि शेड त्यानुसार निवडता येते.

फॉर्माल्डिहाइड गटातील ट्रीटमेंटच्या बाबतीत क्रम उलटा केलेला चालतो. रंग आधी लावला, केस स्वच्छ धुतले आणि मग वर थर बसवला, तर तो रंग काही अंशी टिकून राहतो. रंग नंतर लावल्यास त्यातील अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड केसाच्या बाहेरच्या आवरणाचे खवले उघडतात आणि ताज्या थराला धक्का लावतात. थायोग्लायकोलेटच्या बाबतीत मात्र पुन्हा आधी ट्रीटमेंट, नंतर रंग. कारण अल्कधर्मी क्रीममुळे रंग सुटतो आणि न्यूट्रलायझरमध्ये बहुधा पेरॉक्साइडच असल्याने उरलेला रंगही थोडा उजळतो.

दोन आठवडे थांबण्याचा अर्थ चुकीचा लावणे

मध्ये अंतर ठेवले की केसांना ‘भरून यायला’ वेळ मिळतो, असा समज सर्वत्र आहे. टाळूच्या बाहेर आलेला केस ही मृत रचना असते. त्वचेवरची जखम भरते तसा तो कधीच भरून येत नाही. दोन आठवड्यांत प्रत्यक्षात घडते ते एवढेच की, चार-सहा वेळा केस धुतल्यामुळे ट्रीटमेंटनंतर पृष्ठभागावर उरलेले सिलिकॉन आणि इतर अवशेष निघून जातात, केसांची आम्ल-अल्क पातळी नेहमीच्या सौम्य आम्लधर्मी स्थितीकडे येते, टाळूचा दाह शमतो आणि केसांचा खरा पोत लक्षात येतो. तुटलेले बंध मात्र तुटलेलेच राहतात. जे केस ब्लीचने आधीच पोखरले गेले आहेत, ते सहा महिने थांबल्यानेसुद्धा रिबाँडिंगला योग्य होत नाहीत. हा फरक नीट ध्यानात घेतला, तर ‘आपण पुरेसे थांबलो आहोत’ या भरवशावर घेतलेले कितीतरी धोकादायक निर्णय टळतील.

एकाच बैठकीत सगळे उरकणे

कामाच्या धबडग्यात एकदाच वेळ काढून दोन्ही कामे संपवावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्पादकाने लेखी सूचनांत स्पष्ट मुभा दिली असेल, तर फॉर्माल्डिहाइड गटातील ट्रीटमेंटपूर्वी त्याच दिवशी रंग लावता येतो. काही उत्पादनांत ट्रीटमेंटनंतर लगेच अमोनियाविरहित टोनर, म्हणजे छटा सुधारणारा सौम्य रंग, लावण्याची सोय असते. थायोग्लायकोलेट आणि कायमस्वरूपी रंग मात्र एकाच दिवशी कधीही करू नयेत. दोन्ही अल्कधर्मी, दोन्ही केसाच्या गाभ्यापर्यंत जाणारे. शिवाय पहिल्या प्रक्रियेने हुळहुळलेल्या टाळूवर लगेच दुसरी.

टाळूचा विचार करताना 2024 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली एक नोंद आठवणीत ठेवण्याजोगी आहे. एका 26 वर्षांच्या तरुणीला ग्लायॉक्झिलिक अॅसिड असलेल्या ट्रीटमेंटनंतर तीन वेगवेगळ्या वेळी मूत्रपिंडाला इजा झाली होती, आणि प्रत्येक वेळी ट्रीटमेंट सुरू असताना तिच्या टाळूची आग झाली होती. रंगामुळे टाळूला खाज, लाली किंवा ओरखडे असतील, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत ट्रीटमेंट पुढे ढकलावी, आणि ती करतानाही द्रावण टाळूला लागणार नाही इतके अंतर राखण्याचा आग्रह धरावा.

केसांचा इतिहास अर्धवट सांगणे

‘मेंदी लावून वर्ष झाले’ असे सांगितले जाते आणि विषय तिथेच संपतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक दोन ते अडीच वर्षांचे असते. वर्षापूर्वी लावलेली मेंदी, घरी लावलेला काळा रंग किंवा जुने हायलाइट्स हे सगळे त्या टोकांत अजून असू शकते. शुद्ध मेंदीमुळे फार तर रंग उजळवताना अडचण येते. पण काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडताच केस तापणे, रंग भलताच होणे किंवा केस जागीच तुटणे असे प्रकार घडतात.

शंका असल्यास कानामागच्या दाट भागातून अगदी बारीक बट कापून घ्यावी, काचेच्या वाटीत 6 टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून त्यात ती बट अर्धा तास ठेवावी आणि लक्ष द्यावे. बुडबुडे येऊ लागले, वाटी हाताला गरम लागली किंवा केसांचा रंग विचित्र दिसू लागला, तर ते केस वाढून कापले जाईपर्यंत पेरॉक्साइड लागणारे काहीही करू नये. थायोग्लायकोलेटच्या न्यूट्रलायझरलाही हाच नियम लागू होतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत रंग ओढणे

पांढरे केस झाकण्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी मुळांचा टचअप करावा लागतो, पण त्यासाठी पूर्ण लांबीवर पेरॉक्साइड लावण्याचे कारण नसते. नव्या वाढीला 6 टक्के डेव्हलपर (रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण) पुरतो. उरलेल्या लांबीची झळाळी कमी झाली असेल, तर तिच्यावर 3 टक्के किंवा त्याहून सौम्य डेव्हलपरची अमोनियाविरहित छटा थोडा वेळ ठेवणे पुरेसे असते. असे केल्याने ट्रीटमेंट अधिक काळ टिकते आणि टोके दर वेळी गडद होत जाण्याचा प्रकारही थांबतो.

टचअपची तारीख आणि ट्रीटमेंटची तारीख एकत्र बसूनच ठरवावी. समजा, पाचव्या आठवड्यात पांढरी मुळे डोळ्यांत भरू लागतात. ट्रीटमेंट ग्लायॉक्झिलिक किंवा थायोग्लायकोलेटची असेल, तर ती मागील टचअपनंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस करावी. दोन आठवड्यांचे अंतर आपोआप सांभाळले जाते आणि पुढचा टचअप वेळेवर होतो. फॉर्माल्डिहाइड गटातील असेल, तर पाचव्या आठवड्यात टचअप करून त्यानंतर काही दिवसांनी, टाळू शांत असताना, ट्रीटमेंट घ्यावी. प्रत्येक रंगापूर्वी 48 तास आधी पॅच टेस्ट (त्वचेच्या लहानशा भागावर रंग लावून अॅलर्जी तपासणे) करायची असल्याने तेही दिवस हिशेबात धरावेत. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून ती गाळू नये, कारण रंगातील पीपीडी या रसायनाची अॅलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उद्भवू शकते. महत्त्वाच्या समारंभासाठी हे सारे करायचे असेल, तर शेवटची प्रक्रिया किमान दहा-बारा दिवस आधी संपलेली असावी, म्हणजे काही बिघडले तर दुरुस्तीला वाव राहतो.

ब्लीच आणि हायलाइट्स यांना साध्या रंगाच्या पंक्तीत बसवणे

ब्लीच नवा रंग भरत नाही, ते केसातील मूळ रंगद्रव्य नष्ट करते आणि त्यासोबत केसाची ताकदही खर्ची पडते. ब्लीच केलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट लावू नये आणि रिबाँडिंग केलेल्या केसांवर ब्लीच करू नये. क्रम किंवा अंतर बदलून हा धोका जात नाही. केराटिन प्रकारची ट्रीटमेंट अशा केसांवर करता येते, मात्र इस्त्रीचे तापमान 180 अंशांच्या आसपास उतरवावे लागते, आणि कारागिराने ते उतरवले आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

बिघडल्यानंतर काय करावे

ट्रीटमेंटनंतर रंग नारिंगी किंवा पिवळा पडला असेल, तर दुसऱ्याच दिवशी गडद रंग चोपडण्याचा मोह आवरावा. दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग अमोनियाविरहित छटा वापरावी. नारिंगीपणासाठी निळसर आणि पिवळेपणासाठी जांभळट आधाराची. सच्छिद्र झालेले केस रंग अपेक्षेपेक्षा जास्त शोषतात, म्हणून आधी एका बटेवर चाचणी घ्यावी आणि शंका असेल तर हव्या असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटा निवडावी.

पांढऱ्या मुळांवर रंग बसत नसेल, तर बहुधा ट्रीटमेंटचा थर आड येत असतो. अशा वेळी खोल स्वच्छता करणारा शॅम्पू पूर्ण केसांना लावला तर ट्रीटमेंटच निघून जाते. नेहमीच्या सौम्य शॅम्पूने फक्त मुळांचा भाग दोनदा धुवावा, केस कोरडे करावेत आणि रंग पाकिटावर दिलेला पूर्ण वेळ ठेवावा.

रंग लावल्यावर केस पुन्हा फुगू लागले, तर त्याची दुरुस्ती म्हणून ताबडतोब दुसरी ट्रीटमेंट घेऊ नये. सल्फेटविरहित शॅम्पू आणि आम्लधर्मी कंडिशनर यांचा तीन-चार आठवडे नियमित वापर करून पाहावा. रंगाने उघडलेले खवले पुष्कळ अंशी बसतात आणि गुळगुळीतपणा काही प्रमाणात परततो.

सर्वांत गंभीर लक्षण ओल्या केसांत दिसते. एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. निरोगी केस साधारण एक तृतीयांशापर्यंत लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. तो रबरासारखा ताणत जाऊन परतच येत नसेल, बोटांना चिकट लागत असेल किंवा जरा ओढताच तुटत असेल, तर रंग, ब्लीच, ट्रीटमेंट आणि इस्त्री हे सर्व तिथेच थांबवावे. प्रथिनयुक्त मास्कमुळे अशा केसांना हाताळण्यापुरता आधार मिळतो, त्यापुढे काही नाही. खराब झालेला भाग टप्प्याटप्प्याने कापत जाणे आणि नवी वाढ रसायनांपासून दूर ठेवणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज आहे. टाळूवर फोड, सूज किंवा न थांबणारी आग असेल, तर भरपूर कोमट पाण्याने डोके धुऊन त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि वापरलेल्या उत्पादनाच्या पाकिटाचा फोटो सोबत न्यावा.