ॲक्सिडेंटची गाडी तयार झाली, पण गिअरचा दिवा जाईना? या चुका टाळा

डेंटिंग-पेंटिंग झालं, नवा बंपर बसला, ऑटोमॅटिक गाडी चकाचक. चावी फिरवली आणि मीटरमध्ये गिअरच्या चक्राचं पिवळं चिन्ह लागलं ते लागलंच. रस्त्यावर काढली तर उचलत नाही, एकाच गिअरात रडतखडत चालते. अशा वेळी सोलापुरात निकाल ठरलेला असतो: "गिअरबॉक्स गेला मालक, पुण्याला पाठवा." गडबड करू नका. धडकेआधी गिअर नीट पडत होते, तर संशय आधी ज्या ज्या ठिकाणी पान्हा लागला तिथे घ्यायचा. गिअरबॉक्स खोलायची पाळी सगळ्यात शेवटी.

पहिली चूक म्हणजे स्कॅनर लावताच कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे नंबर, उडवणं. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि शहराबाहेर बाळे गावाच्या पुढे गेल्यावर दिवा परत लागतो. तोवर कोडसोबत साठलेली माहिती, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग किती, व्होल्टेज किती, पुसली गेलेली असते. आधी सगळ्या कोडचे मोबाईलवर फोटो काढा. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो. त्यात पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, तिकडे जाऊन बघा. तिकडे पोचणारा स्कॅनर नसेल तर पी०७०० वरून गिअरबॉक्स उतरवणं हा निव्वळ जुगार. यू०१०१ आला तर इंजिनच्या बाजूला गिअरच्या कॉम्प्युटरचा आवाजच पोचत नाहीये. तिथे फ्यूज, कपलर (वायरींचा जोड) आणि वायरिंग बघायचं.

सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या अर्थिंगपायी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या वायरीपायी. पुढून ठोकलेल्या गाडीत एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा), बॅटरी ट्रे, क्रॉस मेंबर (आडवा पत्रा) बदलतात. पेंटर नवा पत्रा बोल्टच्या भोकासकट रंगवतो आणि फिटर अर्थची वायर त्या रंगावरच कसतो. होटगी रोडकडून आलेल्या एका सेडानमध्ये दिवा फक्त रात्री लागायचा, तोही एसी चालू असताना. गिअरबॉक्सचा दर सांगून झाला होता. डाव्या एप्रनवरचा अर्थचा बोल्ट काढला तर वॉशरने रंगावर नुसती गोल खूण उमटवलेली, पत्र्यापर्यंत पोचलाच नव्हता. रंग घासून पत्रा उघडा केला, बोल्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली लावली. काम संपलं.

हे पकडायला मल्टिमीटरचा बीप चालत नाही. वायरचा एक तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट, एसी, पंखा सगळं लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं गिअरबॉक्सच्या केसिंगवर. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, ०.२ च्या वर गेलं की अर्थची वायर कुठे नीट बसली नाही ते शोधायला लागा. तेच दुसरं टोक मग गाडीच्या बॉडीवर ठेवून बघा. गाडी महिनाभर गॅरेजात उभी होती, तर बॅटरीही मोजा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या जवळ हवी. अर्धमेल्या बॅटरीवर कॉम्प्युटर कसलेही कोड दाखवतात, त्यांच्यामागे धावू नका.

कपलर वरून बसलेला दिसतो, पण लॉक लागलेला नसतो. ओढून बघा. आतली पिन वाकलीय का, पाणी शिरलंय का, तेही. कॅन लाईनचा, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिचा, संशय असेल तर बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर लाईन कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

लिव्हर डी मध्ये आणि मीटरवर एन, असं दिसलं तर केबलची सेटिंग किंवा गिअरबॉक्सवरचा पोझिशन स्विच हललाय. एबीएसचा दिवाही सोबत असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर आधी तपासा. एएमटी असेल, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर क्लच-गिअर आपोआप टाकणारा, २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेला प्रकार, तर ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळलंच नाही, तर तो गिअर टाकत नाही.

एका ठिकाणी मात्र गिअरबॉक्स खरंच धोक्यात असतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं ऑइल रेडिएटरमधूनच थंड होऊन येतं. रेडिएटर आतून फुटला तर कूलंट आणि ऑइल एक होतं. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर इंजिन चालूच करू नका, गाडी उचलून न्या. गळत असलेली गाडी तशीच चालवून गिअरबॉक्स खराब झाला, तर इन्शुरन्सवाले त्याला नंतरचं नुकसान म्हणून हात वर करतात. धडकेतलाच लपलेला बिघाड सापडला तर पार्ट खोलण्याआधी इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला कळवा, सप्लिमेंटरी (वाढीव खर्चाचं) एस्टिमेट द्या.

ट्रायल गॅरेजच्या गेटपर्यंत नको. दुपारच्या उन्हात एसी लावून सात रस्त्याच्या गर्दीत फिरवा, मग तुळजापूरच्या घाटात चढवा. परत आल्यावर, दिवा नसला तरी, स्कॅनर पुन्हा लावा. दिवा लागण्याआधीच पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड तिथे येऊन बसलेला असू शकतो.