महामार्गाच्या कामात साइट इंजिनिअरपासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत: पहिली बारा वर्षं कशी आखायची

रस्त्याच्या कामावर दहा-बारा वर्षं काढूनही 'सीनियर इंजिनिअर'च्या पुढे न सरकलेले अनेक जण आपल्याकडे आहेत. त्यांचं तांत्रिक ज्ञान कमी नसतं. पण पूल म्हणजे पूलच, डांबरीकरण म्हणजे डांबरीकरणच, असं एकच काम त्यांनी चार साइटवर केलेलं असतं. करार, पैसा आणि जमीन यांची फाइल त्यांच्या टेबलावर कधी आलेलीच नसते. प्रोजेक्ट मॅनेजर किंवा टीम लीडर निवडताना मात्र नेमकं हेच तपासतात. त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी खुर्ची बदलेल, कामाचा आवाका वाढेल आणि त्याचा कागद हातात राहील, अशी आखणी सुरुवातीपासून करावी लागते.

आधी बाजू ठरवा

महामार्गाच्या कामात तीन बाजू असतात. पहिली सरकारची. सार्वजनिक बांधकाम विभागात एमपीएससीमार्फत शिरलात की उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशी चढण आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात उपव्यवस्थापक (तांत्रिक) या पदावरून सुरुवात होते. ही भरती यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेच्या किंवा गेटच्या गुणांवर होत आली आहे, म्हणून गेट शेवटच्या वर्षाला गांभीर्यानेच द्यावी. दुसरी बाजू कंत्राटदाराची. तिसरी सल्लागाराची. तो कामावर देखरेख ठेवतो. ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम सगळं कंत्राटदाराकडे) करारात त्याला ऑथॉरिटीज इंजिनिअर म्हणतात, हॅम (बांधकामाचा काही खर्च सरकार आधी देतं, उरलेला नंतर हप्त्यांनी) आणि बीओटीत (बांधा, चालवा, परत द्या) इंडिपेंडंट इंजिनिअर.

सरकारी नोकरीचा मार्ग नसेल तर सुरुवात कंत्राटदाराकडेच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मजूर, मशीन, डिझेल, क्रशर आणि सब-कंत्राटदाराचं बिल हे सगळं तिथेच दिसतं. थेट सल्लागाराकडे लागलेला मुलगा आरएफआयवर (झालेलं काम तपासण्याची विनंती) सही करायला लवकर शिकतो, पण एका पेव्हरमागे (डांबरी मिश्रण पसरणारं मशीन) दिवसाला किती टिपर लागतात हे त्याला सांगता येत नाही. आठ-दहा वर्षांनी सल्लागाराकडे जाणं सोपं असतं. उलट प्रवास फार थोड्यांना जमतो.

पहिली चार वर्षं: थर आणि आकडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं स्पेसिफिकेशनचं पुस्तक (पाचवी आवृत्ती, २०१३) आणि आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) ३७ (डांबरी रस्ता) आणि ५८ (काँक्रीट रस्ता) या संहिता साइट ऑफिसच्या कपाटात न ठेवता हाताशी ठेवा. काही आकडे तोंडपाठच हवेत. भरावाची दाबाई प्रयोगशाळेतल्या कमाल शुष्क घनतेच्या ९५ टक्के, सबग्रेडची (रस्त्याच्या थरांखालची तयार माती) ९७ टक्के, डब्ल्यूएमएमची (ओल्या खडीच्या मिश्रणाचा थर) ९८ टक्के. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचं मिश्रण पसरताना १४० अंशांच्या खाली गेलेलं चालत नाही आणि रोलिंग तापमान ९० अंशांखाली जाण्याआधी उरकावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स (पाण्यात फुगण्याचं प्रमाण) ५० टक्क्यांवर निघाला, तर ती भरावात वापरता येत नाही. म्हणजे मुरूम बाहेरून आणावा लागतो, अंतर वाढतं आणि दर कोलमडतो. ही साखळी ज्याला दिसते, तो पुढे टेंडरचा दर तपासू शकतो.

एक वही ठेवा. कुठल्या मशीनने, कुठल्या थराचं, किती तासांत, किती काम केलं. बंद पडलं तर का पडलं. कंपनीच्या कॅटलॉगमधली क्षमता आणि साइटवर प्रत्यक्ष मिळालेलं काम यांतली तफावत या वहीत सापडते. नियोजनाच्या खुर्चीत बसाल तेव्हा सगळा हिशेब तिच्यावरच चालतो.

प्लॅनिंग आणि बिलिंग: ही दोन वर्षं टाळू नका

ऑफिसचं काम कंटाळवाणं वाटतं म्हणून चांगले साइट इंजिनिअर प्लॅनिंगला जायला तयार नसतात. तिथेच त्यांची वाट अडते. प्रायमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर चालवणं दोन महिन्यांत जमतं. खरी कसोटी कार्यक्रमाचा गणिती पाया तपासण्याची असते.

एक हिशेब करून बघा. चौपदरी रस्ता ३० किलोमीटर, दोन्ही बाजू मिळून डांबरी रुंदी १८ मीटर, डीबीएम (खालचा डांबरी थर) १०० मिलिमीटर. घनफळ ५४,००० घनमीटर. घनता घनमीटरला २.३५ टन धरली तर साधारण १ लाख २७ हजार टन. हॉट मिक्स प्लांट तासाला १६० टनांचा, पण प्रत्यक्षात ७० टक्के धरा, म्हणजे ११२ टन. आठ तासांचे सुमारे ९०० टन. म्हणजे १४१ दिवस. प्लांटची दुरुस्ती, डांबराचा टँकर उशिरा येणं, सणासुदीला मजूर गावी जाणं, हे सगळं वजा करून महिन्याला २० दिवस पकडले तर सात महिने. वर ४० मिलिमीटर बीसी (वरचा डांबरी थर), तीन महिने आणखी. एकूण दहा.

आणि आपल्याकडे डांबरी कामाला ऑक्टोबर ते मे असे आठच महिने मिळतात. कोकण आणि घाटात त्याहून कमी. याचा अर्थ एका प्लांटवर एका हंगामात हे काम होणार नाही. दुसरा प्लांट तरी आणावा लागेल, नाहीतर डीबीएमचा काही भाग आधीच्या हंगामात उरकावा लागेल. त्यासाठी तेवढ्या लांबीचा डब्ल्यूएमएम त्याआधी तयार हवा, त्याच्याही आधी मोऱ्या पूर्ण हव्यात आणि क्रशरची परवानगी, गौण खनिजाचा परवाना व रॉयल्टीचे चलन त्याच्याही आधी. आढावा बैठकीत हे कागदावर मांडणारा इंजिनिअर वरिष्ठांच्या लक्षात राहतो.

अर्जित मूल्याची (झालेल्या कामाची किंमत योजना आणि खर्चाशी ताडून पाहण्याची) पद्धतही इथेच शिका. ठरलेलं काम १२० कोटींचं, झालेलं ९६ कोटींचं, खर्च १०४ कोटी. वेळेचा निर्देशांक (झालेलं भागिले ठरलेलं) ०.८०, खर्चाचा (झालेलं भागिले खर्च) ०.९२. मात्र या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. मातीकाम भराभर उरकून आकडा सुधारता येतो आणि क्रिटिकल पाथवरचा (उशीर झाला तर सगळा प्रकल्प लांबतो अशा कामांच्या मालिकेतला) रेल्वे पूल तसाच पडून राहतो.

करार वाचणारा माणूस व्हा

पहिल्याच आठवड्यात कराराची परिशिष्टं वाचा. ईपीसीच्या नेहमीच्या नमुन्यात बी आणि सी मध्ये कामाची व्याप्ती असते, डी मध्ये मानकं, एच मध्ये बिलाचे टप्पे, जे मध्ये माइलस्टोन. एच नीट वाचलं नाही तर काम होतं पण बिल निघत नाही. एखाद्या टप्प्याचे पैसे ठरावीक लांबी पूर्ण झाल्यावरच मिळत असतील आणि तुम्ही दहा ठिकाणी अर्धवट तुकडे उघडले असतील, तर रोख अडकते. मग सब-कंत्राटदार मशीन घेऊन निघून जातो. साइट आजारी पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मुदतवाढीची नोटीस हा दुसरा कळीचा मुद्दा. ईपीसीच्या नमुना करारात घटना घडल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत ऑथॉरिटीज इंजिनिअरला लेखी कळवावं लागतं. जायका (जपानची मदत संस्था) किंवा जागतिक बँकेच्या पैशांवरच्या कामात बहुतेक वेळा फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना करारावर आधारलेला करार असतो. तिथे १९९९ आणि २०१७ दोन्ही आवृत्त्यांत नोटिशीला २८ दिवस आहेत. मुदत हुकली की खरा हक्कही बुडू शकतो.

नोटीस कशी लिहितात यावर दाव्याचं निम्मं भवितव्य ठरतं. 'जमीन उपलब्ध नसल्याने काम बंद आहे' या वाक्याला लवादापुढे काडीचीही किंमत नाही. असं लिहा: साखळी (रस्त्यावरचं अंतर, किलोमीटर+मीटर) ४२+३०० ते ४३+१००, डावी बाजू; गट क्रमांक अमुक; शेतकऱ्याने अमुक तारखेला भरावाचं काम अडवलं; एक एक्स्कॅव्हेटर, दोन रोलर आणि सहा टिपर उभे; मंजूर कार्यक्रमातलं अमुक क्रमांकाचं काम थांबलं, ते क्रिटिकल पाथवर आहे; कराराच्या अमुक कलमाखाली ही सूचना. सोबत तारखेचा फोटो आणि अडथळा नोंदवहीच्या त्या पानाची प्रत. अडथळा सुटला की तो सुटल्याचंही पत्र द्या, नाहीतर शेवटी किती दिवस गेले हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

व्याप्तीत बदल तोंडी सांगितला म्हणून काम सुरू करू नका. आमदारांनी पाहणीत अंडरपास मागितला आणि प्रकल्प संचालकांनी मान डोलावली, तरी चेंज ऑफ स्कोपचा लेखी आदेश हातात येईपर्यंत तो खर्च कंत्राटदाराच्याच माथी असतो.

जमीन, विजेचे खांब आणि रेल्वे

वरिष्ठ माणसाचा बहुतेक दिवस याच्यातच जातो. ईपीसीत अपॉइंटेड डेटला (काम अधिकृतपणे सुरू होण्याची तारीख) साधारणपणे ९० टक्के लांबीची जागा ताब्यात हवी, हॅममध्ये ८० टक्के. पण टक्केवारी फसवी असते. उरलेले दहा टक्के मोठ्या पुलाच्या अॅबटमेंटवर (पुलाच्या टोकाचा आधार) आले तर सगळं काम त्यांच्यासाठी थांबतं. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार ३अ ची (जमीन घेण्याच्या इराद्याची) अधिसूचना निघाल्यापासून एका वर्षात ३ड ची (संपादनाची) घोषणा व्हावी लागते, नाहीतर ती अधिसूचना संपते. म्हणून गटवार तक्ता स्वतः ठेवा: संयुक्त मोजणी, ३अ, ३ड, ३ग चा (मोबदला ठरवणारा) निवाडा, मोबदला, प्रत्यक्ष ताबा. सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात दर आठवड्याला माणूस गेला पाहिजे.

महावितरणच्या वाहिन्या आणि जीवन प्राधिकरणाच्या जलवाहिन्या हलवायच्या असतील तर अंदाजपत्रक, सुपरव्हिजन शुल्क आणि वीजपुरवठा बंद ठेवण्याच्या तारखा यांचा पाठपुरावा पहिल्या महिन्यापासून करा. रेल्वेवरच्या पुलाचा सर्वसाधारण आराखडा मंजूर करून घेणं, मग ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ) मिळवणं, याला लागणारा वेळ नवखे लोक नेहमीच कमी धरतात.

पदव्या आणि प्रमाणपत्रं

ट्रान्सपोर्टेशनमधली एम.टेक. डिझाइन आणि वाहतूक नियोजनाच्या बाजूला उपयोगी पडते. बांधकाम व्यवस्थापनाकडेच जायचं असेल तर पुण्याच्या निकमारचे अभ्यासक्रम या क्षेत्रात ओळखीचे आहेत. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी चार वर्षांची पदवी असल्यास गेल्या आठ वर्षांतला ३६ महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. आखाती देशांत आणि परदेशी सल्लागार कंपन्यांत त्याचा फायदा होतो. भारतातल्या महामार्गाच्या टेंडरमध्ये मात्र त्यापेक्षा तशाच पदावरचा अनुभव मोजला जातो.

सीव्ही आणि दाखले

इथे अनेक चांगली माणसं बाद होतात. सल्लागाराच्या टेंडरमध्ये प्रत्येक पदासाठी किती वर्षांचा अनुभव, कोणत्या पदावर, किती लेनच्या आणि किती लांबीच्या कामावर, हे लिहिलेलं असतं आणि त्याला गुण असतात. तुम्ही प्रत्यक्षात अख्खा प्रकल्प सांभाळलात, पण दाखल्यावर 'सीनियर मॅनेजर' एवढंच छापलं असेल, तर गुण मिळत नाहीत. साइट सोडताना, हिशेब पूर्ण होण्याआधीच, असा दाखला घ्या ज्यात पद, कालावधी, प्रकल्पाचं नाव, लांबी, लेन, कराराचा प्रकार, रक्कम आणि मालक खात्याचं नाव असेल. शक्य असेल तर त्यावर ग्राहक खात्याची प्रतिस्वाक्षरी घ्या. इन्फ्राकॉन या सल्लागार आणि तज्ज्ञांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरची माहिती आणि सीव्ही यांच्या तारखा जुळल्याच पाहिजेत. दोन नोकऱ्यांचे महिने एकमेकांवर चढले तर तो खुलासा टेंडर समितीसमोर करावा लागतो.

एक तरी प्रकल्प अपॉइंटेड डेटपासून पूर्णतेच्या दाखल्यापर्यंत सोडू नका, मधे पगार वाढवून देणारी ऑफर आली तरी. पंच लिस्ट (उरलेल्या किरकोळ कामांची यादी), अंतिम बिल, दाव्यांची तडजोड आणि दोषदायित्व काळातली (काम पूर्ण झाल्यावर दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायचा काळ) दुरुस्ती हे शेवटच्या सहा महिन्यांतच शिकायला मिळतं. मुलाखतीत विचारतात तेही तिथलंच: किती दिवसांची मुदतवाढ मागितली, किती मंजूर झाली आणि उरलेली का नाकारली गेली.