तुरीवर फवारणीची कोणती पद्धत सरस? शेतातच तपासा

सोलापूरच्या तुरीत शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी हातपंप, पॉवर स्प्रे (इंजिनवर चालणारा फवारणी पंप) आणि बिनफवारणी अशी तुलना करा. प्रत्येकी ४ वाफे, ६ बाय ५ मीटरचे. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. बांधाकडचे वाफे मुद्दाम कुणा एकाला दिलेत, की निकाल वाया.

आधी साधं पाणी फवारून मोजा. ३० चौरस मीटरला दीड लिटर लागलं, तर हेक्टरी ५०० लिटर. पंप बदलला की पाणी बदलतं, पण हेक्टरी औषध तेवढंच ठेवा. नाहीतर तपासणी पद्धतीची नव्हे, मात्रेची होते. इथेच बहुतेक जण फसतात.

वारा पडलेला असताना, सकाळीच फवारा. कडेच्या ओळी सोडून वाफ्यातल्या ५ झाडांवरच्या अळ्या आदल्या दिवशी, मग ३ आणि ७ दिवसांनी मोजा.