चैत्रगौरीला घरची फुलं हवीत ना, मग तयारी माघातच

इंदूरमधे बागेला दरवर्षी एक रिकामा महिना येतो. होळी झाली की पेटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी सगळे लांबुडके होऊन पिवळे पडायला लागतात, मोगरा अजून नीट सुरू झालेला नसतो, आणि नेमकी त्याच वेळी चैत्रगौर बसते. हळदीकुंकवाला बायका येणार, आंब्याची डाळ आणि पन्हं तयार, आणि आरास मात्र सगळी बाजारातल्या झेंडूची. मला हे फार खटकतं कारण हे सहज टाळता येतं, फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची की एप्रिलची फुलं एप्रिलमधे लावून येत नाहीत, ती फेब्रुवारीत मातीत गेलेली असावी लागतात. म्हणून काय काय तयार ठेवायचं ते लिहितेय, आणि तारखा सणांच्या हिशोबाने सांगते कारण त्या आपल्या लक्षात राहतात. फक्त पाडवा कधी मार्चमधे येतो कधी एप्रिलमधे, तेव्हा एकदा कॅलेंडर बघून घ्या.

सगळ्यात आधी मोगरा, वसंत पंचमीच्या आसपास. थंडीचा जोर कमी झाला की कुंडीतल्या मोगऱ्याचं पाणी १०-१२ दिवस अगदी कमी करायचं, पानं मलूल दिसली तरी घाबरायचं नाही. मग झाड निम्म्यापर्यंत छाटायचं, वाळक्या आणि आत आत वाढलेल्या काड्या मुळापासून काढायच्या आणि उरलेली जुनी पानंही हाताने ओढून टाकायची. हे बघून घरचे म्हणतील झाड मारलंस, म्हणू द्या, कारण मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीच्या टोकाला, जुन्या काडीवर नाही. छाटल्यावर वरची दोन इंच माती खुरपीने मोकळी करा, दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी. कुंडी अशा जागी ठेवा जिथे दिवसाला ५-६ तास थेट ऊन येतं. सावलीतला मोगरा पानं छान देतो, फुलं देत नाही. पहिला बहर ओसरला की टोकं पुन्हा थोडी छाटा, म्हणजे दुसरा बहर येतो, असं पावसापर्यंत चालू राहतं.

दुसरं काम बियांचं, महाशिवरात्रीच्या आगेमागे. झिनिया, केशरी कॉसमॉस, सूर्यफूल, ही तीन असली तरी उन्हाळा निघतो. झिनियाचं बी चपटं, बाणाच्या टोकासारखं असतं, त्याला जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती पुरते. जिथे वाढवायचंय तिथेच पेरलेलं बरं, कारण उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही. मालव्यात फेब्रुवारीच्या रात्री गारच असतात म्हणून उगवायला आठवडा लागला तर परत परत माती उकरून बघू नका. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, मन होत नाही पण खुडायचाच, त्याने बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी सहा-सात मिळतात. पेरल्यापासून ५०-६० दिवसांत फूल येतं, म्हणजे हिशोब बरोबर चैत्रात बसतो. गॅलार्डियाला यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा त्याची नर्सरीतून रोपंच आणा, आणि एकदा लागला की तो कडक उन्हातही हसत उभा राहतो. ऑफिस टाइमसाठी, म्हणजे पोर्टुलाकासाठी बी वगैरे आणायची गरज नाही, शेजाऱ्यांकडून चार इंचांच्या काड्या मागून आणा आणि मार्चच्या सुरुवातीला वाळू मिसळलेल्या मातीत खोचा, तीन-चार आठवड्यांत फुलतो. त्याला भर दुपारचं ऊन द्यायचं आणि पाणी बेताचं.

आता हिवाळ्याच्या झाडांबद्दल, इथे लोक घाई करतात. एक पान पिवळं दिसलं की सगळी कुंडी रिकामी, असं करू नका. पेटुनिया निम्मा कापून थोडं पातळ खत दिलं तर अजून तीन-चार आठवडे देतो, डायंथस तर एप्रिलपर्यंतही चालतो, फक्त सुकलेली फुलं रोजच्या रोज खुडायची आणि दुपारनंतर सावली द्यायची. कल्पना अशी आहे की नव्या झिनियाला पहिली कळी दिसेपर्यंत जुनं फुलत राहिलं पाहिजे. दोन्ही एकमेकांवर थोडे चढले म्हणजे मधे खंड पडत नाही. हो आणि कॅलेंडुला, नॅस्टर्शियम, हॉलीहॉक यांची दोन-तीन चांगली फुलं न खुडता झाडावरच वाळू द्या, बी तयार होतं. कॅलेंडुलाचं बी वाकडं, काटेरी, सुकलेल्या अळीसारखं दिसतं, तेच बरोबर बी, कचरा समजून फेकू नका. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमधे नको, आणि पुडीवर नाव आणि रंग लिहा. हायब्रिड पेटुनियाचं बी मात्र ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी तसंच फूल येत नाही.

मातीवर जरा जास्त लिहिते कारण आपल्याकडे सगळा खेळ तिचाच आहे. मालव्याची काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की आकसते. कुंडीत नीट बघा, मार्च-एप्रिलमधे माती आणि कुंडीची भिंत यांच्यामधे बोटभर फट पडलेली दिसेल. पाणी घातलं की ते त्या फटीतून सर्रकन खाली जातं, खालच्या बशीत पाणी साचतं आणि आपल्याला वाटतं झालं, भरपूर मिळालं, पण मधला गोळा आतून कोरडा ठणठणीत राहिलेला असतो आणि झाड दुपारी मान टाकतं. तर अशी कुंडी दिसली की आधी टबात पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, वरची माती मोकळी करून फट खत-मातीने भरून टाका. आणि नवीन कुंडी भरताना नुसती काळी माती कधीच नको, दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग शेणखत किंवा घरचं कंपोस्ट. ओला कचरा वेगळा करायची सवय तर इंदूरमधे घराघरात आहेच, त्यातला भाजीचा भाग एका झाकणाच्या ड्रममधे सुक्या पानांबरोबर थर देऊन टाकत गेलात तर उन्हाळ्याचं खत घरीच होतं. खली, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, द्यायची तर ३-४ दिवस भिजवून दहा पट पाणी घालून, आणि एप्रिल सुरू झाल्यावर ती बंदच, गरमीत मुळं भाजतात.

बाकीच्या झाडांचं पटकन सांगते. बोगनवेलीला खत नको आणि पाणी पानं जराशी लोंबल्यावरच, तिला थोडं तहानलेलं ठेवलं तरच रंग येतो. मधुमालती फेब्रुवारीत छाटून घ्या. सदाफुली आणि कण्हेर यांची काळजी करायची गरज नाही, फक्त पाणी साचू देऊ नका. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची, आत्ता फक्त फूल सुकलं की खालच्या दोन पानांपर्यंत कापायचं. निशिगंधाचे कंद फेब्रुवारी-मार्चमधे लावले तर जूनपासून दांडे येतात. मे फ्लॉवरचा, म्हणजे त्या लाल गोल फुटबॉल लिलीचा कंद कुठल्या कुंडीत आहे ते काडी खोचून खूण करून ठेवा, हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही आणि कोणीतरी ती कुंडी रिकामी समजून उकरतं.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळत जाणारी मिरवणूक निघते, त्या सुमारास सावलीसाठीची ग्रीन नेट बाहेर काढून धुऊन तयार ठेवा. ५० टक्केवाली पुरे, जास्त दाट घेतली तर फुलं कमी होतात. झिनिया, बोगनवेल, पोर्टुलाका, मोगरा नेटखाली नको, त्यांना ऊन हवं. जास्वंद, गुलाब, उरलेला पेटुनिया आणि लहान रोपं नेटखाली. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या टेरेसच्या फरशीवर थेट ठेवू नका, दोन विटांवर उचला आणि एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे बाजूंनी तापत नाहीत. मातीवर वाळक्या पानांचा किंवा गव्हाच्या भुशाचा दोन इंच थर द्या, खोडाला मात्र टेकवू नका. हे एकच काम केलं तरी पाण्यात खूप फरक पडतो.

आणि पाणी, ते तर सगळ्यात मोठं काम. नर्मदेचं पाणी ७० किलोमीटरच्या आसपास दूर जलूदहून पंप करून वर चढवून आपल्याकडे येतं, कितीतरी कॉलन्यांमधे एक दिवसाआड येतं आणि मेमधे बोअरिंगही दम तोडतं, तेव्हा ते बागेत पाइप लावून सोडणं मनाला पटत नाही. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमवा, फक्त मीठ असलेलं नको. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी अजिबात घालू नका, पाणी उडून जातं आणि सगळे क्षार खाली साचतात, त्याने पानांच्या कडा जळतात. आरओचं वाया जाणारं पाणीही साधं पाणी मिसळूनच. द्यायची वेळ सकाळी सातच्या आत, संध्याकाळी बोट घालून बघायचं, दोन इंच खाली कोरडं लागलं तरच पुन्हा. भर दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका, सूर्य कलल्यावर स्वतःच सावरलं तर तहान नव्हती, फक्त लू, म्हणजे गरम वाऱ्याची झळ होती.

कीड आधी जास्वंदीवर बघा, पांढरा कापूस दिसला की मिलीबग, जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि मग एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळीच स्प्रे. गुलाबाची पानं धुळकट, ठिपकेदार झाली आणि मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, तो कोरड्या गरमीत वाढतो, त्याला पानाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन-चार दिवस.

शेवटचं म्हणजे सुट्ट्या. मेमधे मुलांना घेऊन पुण्याला नाहीतर माहेरी जाणं होतंच, तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी सगळ्या कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी सावलीत एकत्र आणा, मोगऱ्याचीसुद्धा. फुलं आणि मोठ्या कळ्या कापून टाका कारण त्या झाडाचं पाणी ओढतात, मोठ्या कुंड्यांमधे सुती वात एक टोक मातीत आणि एक टोक पाण्याच्या बादलीत अशी सोडा, आणि शेजारच्या काकूंना किल्ली देताना कुठल्या झाडाला किती पाणी ते कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही. परत आल्यावर तेरड्याचं बी काढून ठेवा, पहिला पाऊस झाला की लगेच पेरायला.