इंजिन सुरू होताना बंद पडणारा फिशफाइंडर

बोटीचे इंजिन सुरू करताच फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र) बंद पडून पुन्हा चालू होत असे. मल्टिमीटर लावून पाहिल्यावर स्टार्टर फिरत असताना यंत्रापाशी जेमतेम ९.४ व्होल्ट पोचत असल्याचे दिसले. जोडणी स्टार्टरच्याच बॅटरीवरून होती आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढला होता. म्हणून बॅटरीची ऋण तार आधी सोडवून, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची नवी तार उपकरणांसाठीच्या दुसऱ्या बॅटरीवरून स्वतंत्रपणे आणली. धन तारेवर, बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचाच फ्यूज बसवला. कारण फ्यूज मुख्यतः तारेला जळण्यापासून वाचवतो आणि बॅटरी व फ्यूज यांमधला तुकडा मात्र असुरक्षितच राहतो. सांधे क्रिंप करून (पक्कडीने दाबून घट्ट बसवून) त्यांवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे उष्णतेने आकसणारी, नळी चढवली (नुसते सोल्डर हादऱ्यांनी तडकते). आता स्टार्टर फिरतानाही यंत्रापाशी १२.५ व्होल्ट मिळतात.